अमेरिकेतली अध्यक्षीय प्रायमरी: वैतागलेल्या मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात नव्याने नागरिक झालेल्यांना मतदार नोंदणीचा अर्ज भरायला मी मदत करते. गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाच्या रांगेशेजारी एक टेबल टाकायचं, पेनं आणि अर्ज मांडायचे आणि बसायचं. दर चार वर्षांनी तेच प्रश्न येतात, आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या आवाजात वैताग थोडा वाढलेला असतो. तो वैताग खरा आहे, मलाही येतो. म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून काढली. कुठल्या पक्षाला मत द्यावं हे इथे मिळणार नाही.

प्रायमरी म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे असं काही असतं का?

आपल्याकडे त्याला तिकीटवाटप म्हणतात. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार याची धाकधूक, मग नाराजी, मग बंडखोरी. तिथे हा निर्णय पक्षाचे नेते घेतात. इथे तो मतदानाने होतो, राज्याराज्यांत, जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. मतं मोजून पक्षाच्या नियमाप्रमाणे उमेदवारांना प्रतिनिधी मिळतात, त्यांना डेलिगेट म्हणतात. उन्हाळ्यात पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरतं आणि डेलिगेटांच्या बहुमताने उमेदवार ठरतो. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे २४२९ डेलिगेट होते, म्हणजे १२१५ ला बहुमत. आपण नावाला मत देतो, पण शेवटी मोजले जातात डेलिगेट. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका वाक्यात आहे.

मी मत दिलं, पण सगळं आधीच ठरलेलं होतं. मग माझ्या मताचा उपयोग काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते या पद्धतीतला सगळ्यात मोठा दोषही हाच आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

४ जून २०२४. त्या दिवशी भारतात लोकसभेची मतमोजणी होती आणि आमच्याकडे न्यू जर्सीत प्रायमरी. आमच्या घड्याळात मोजणी आदल्या रात्री साडेदहाला सुरू झाली. मी आणि नवरा पहाटेपर्यंत फोन आणि टीव्ही दोन्ही लावून बसलो होतो. सातारा, बारामती, बीड, एकेक फेरीचे आकडे येत होते. बीडच्या आकड्यांनी तर अक्षरशः जीव टांगणीला लागला होता. सकाळी चहा घेतला आणि तशीच शाळेच्या जिममध्ये मतदानाला गेले. बास्केटबॉलच्या रिंगखाली दोन टेबलं आणि चार कर्मचारी होते, रांग नव्हतीच. वहीत सही करताना त्या बाईंनी माझं मनापासून स्वागत केलं, कारण बऱ्याच वेळात कोणी आलेलंच नव्हतं.

येणार तरी कोण? बायडेन आणि ट्रम्प या दोघांनीही आवश्यक डेलिगेटांचा आकडा १२ मार्चलाच पार केला होता. रिपब्लिकनांच्या शेवटच्या मोठ्या प्रतिस्पर्धी निकी हेली ६ मार्चला बाहेर पडल्या होत्या. आमचं मत १२ मार्चनंतर बारा आठवड्यांनी.

एका रात्रीत मी दोन देशांच्या निवडणुका पाहिल्या आणि फरक लख्ख दिसला. भारतात लोकसभेचं मतदान सात टप्प्यांत झालं, महाराष्ट्राचंच पाच टप्प्यांत. पण पहिल्या टप्प्यातली यंत्रं सीलबंद राहिली आणि सगळ्यांची मोजणी एकाच दिवशी झाली. शेवटचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर चाचणी दाखवायलाही कायद्याने बंदी आहे. आधी मत दिलेल्यांचा कौल नंतरच्यांच्या मनावर स्वार होऊ नये, इतका साधा विचार त्यामागे आहे. इथे प्रत्येक राज्याचा निकाल त्याच रात्री जाहीर होतो. हरलेल्या उमेदवाराच्या देणग्या दुसऱ्या दिवसापासून आटतात, तो माघार घेतो आणि उरलेल्या राज्यांसमोर एकच नाव राहतं.

२०१६ मध्ये तर न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाचं मतदान ७ जूनला होतं आणि आदल्याच संध्याकाळी हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी नक्की झाल्याची बातमी आली. कॅलिफोर्निया लोकसंख्येने देशातलं सगळ्यात मोठं राज्य. तिथल्या लोकांनी मतदानाच्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडलं तेव्हा निकाल छापून आलेला होता.

मग न्यू जर्सीने तारीख आधी का घेतली नाही?

घेतली होती. २००८ मध्ये आपलं मतदान ५ फेब्रुवारीला झालं, ओबामा आणि क्लिंटन यांच्यात चुरस होती. पण बाकीच्या पदांची प्रायमरी जूनमध्येच राहिली, म्हणजे दोनदा निवडणूक आणि दोनदा खर्च. पुढच्या वेळेपासून पुन्हा जून.

आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांनाच पहिला मान कशासाठी?

मान कोणी दिलेला नाही, त्यांनी तो धरून ठेवला आहे. न्यू हॅम्पशायरची प्रायमरी १९२० पासून पहिली असते. तशा प्रकारच्या इतर कुठल्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी आपली व्हावी, असा त्यांच्या राज्याचा कायदाच आहे. आयोवाचा कॉकस, म्हणजे पक्षाच्या बैठकीत घेतलेला कौल, १९७२ पासून पुढे आला. ही दोन्ही राज्यं छोटी आणि प्रामुख्याने गोऱ्या वस्तीची.

ज्यांनी रांग मोडली त्यांचं काय होतं हेही पाहा. २००८ मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडाने पक्षाचं वेळापत्रक झुगारून तारखा आधी घेतल्या. डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांचे डेलिगेटच रद्द केले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नाव नव्हतं, तिथे लोकांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या पर्यायाला भरभरून मतं दिली. मे महिन्याच्या अखेरीस ठरलं की दोन्ही राज्यांच्या डेलिगेटांना प्रत्येकी अर्धं मत, आणि अधिवेशनात ते पुन्हा पूर्ण झालं. चूक राज्याच्या नेत्यांची, पण मत अर्धं झालं ते मतदाराचं.

२०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला द्यायचं ठरवलं. न्यू हॅम्पशायरने आपल्या कायद्यावर बोट ठेवून २३ जानेवारीलाच मतदान घेतलं. बायडेन यांचं नाव छापलेलंच नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहिलं आणि ते जिंकले.

मी टपालाने मत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या उमेदवाराने माघार घेतली. मत बदलता येतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. मिनेसोटा, मिशिगनसारख्या काही राज्यांत ठरावीक मुदतीपर्यंत आधीची मतपत्रिका रद्द करून नवी मागता येते. कॅलिफोर्नियात एकदा टाकलेलं मत परत मिळत नाही.

२०२० मध्ये हे फार लोकांच्या वाट्याला आलं. २९ फेब्रुवारीला बायडेन साउथ कॅरोलायनात जिंकले. मग त्यांचे प्रतिस्पर्धी माघार घेऊ लागले: १ मार्चला पीट बुटिजेज बाहेर पडले, २ मार्चला एमी क्लोबुशार, आणि ३ मार्चला सुपर ट्यूजडे, म्हणजे चौदा राज्यांचं एकत्र मतदान. कॅलिफोर्नियातल्या मतपत्रिका महिनाभर आधीच घरोघरी पोचलेल्या होत्या. वेळेत आणि जबाबदारीने मत देणाऱ्यांचंच मत वाया गेलं. सॅन होजेतल्या माझ्या मावसबहिणीने त्यानंतर ठरवलं की प्रायमरीची मतपत्रिका शेवटच्या दिवशीच पेटीत टाकायची. मी टेबलावर येणाऱ्यांनाही आता हेच सांगते.

मी कुठल्याच पक्षाची नाही. मला मत का देऊ देत नाहीत?

ते राज्यावर अवलंबून आहे. व्हर्जिनिया, जॉर्जिया, टेक्सास, मिशिगन इथे मतदार नोंदणीत पक्षच नसतो. त्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका घ्यायची. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पक्ष न निवडलेल्यांना दोन्हींपैकी एक घेता येते. न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा ही बंद राज्यं: पक्षात नोंदणी असेल तरच मत. आपल्या न्यू जर्सीत पक्ष निवडलेला नसेल तर मतदान केंद्रावर जाऊन तिथल्या तिथे निवडता येतो. मात्र त्यानंतर तुमची नोंद त्या पक्षाची होते. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो.

सर्वात गाजलेलं उदाहरण न्यू यॉर्कचं. १९ एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ ला संपली होती. सहा महिन्यांहून जास्त आधी! तेव्हा कोण उभं राहणार हेही धड माहीत नव्हतं. ट्रम्प यांच्या स्वतःच्या दोन मुलांना, इव्हांका आणि एरिक यांना, वडिलांना मत देता आलं नाही. त्याच दिवशी ब्रुकलिनमध्ये एक लाखाहून जास्त नावं यादीतून कमी झालेली निघाली. लोक केंद्रावर जाऊन परत आले. २०१९ मध्ये ती मुदत पुढे आणून १४ फेब्रुवारी केली, हे त्या आरडाओरड्याचंच फळ.

कॅलिफोर्नियातल्या मराठी मित्रमंडळींसाठी एक खास सूचना. अर्जावर ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ असा पर्याय दिसतो. तो अपक्षांसाठी नाही, ते एका कडव्या उजव्या पक्षाचं नाव आहे. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राने त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांची पाहणी केली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांना आपण अपक्षच आहोत असं वाटत होतं. तुम्हाला अपक्ष राहायचं असेल तर ‘पक्षाची पसंती नाही’ याच चौकोनात खूण करा.

निवडणुकीचा खर्च बहुतेक ठिकाणी सरकार करतं. मग नियम पक्षाचे कसे?

कारण कायद्याच्या नजरेत पक्ष ही खाजगी संघटना आहे, आणि आपला उमेदवार कोणी ठरवायचा हा तिचा हक्क आहे. कॅलिफोर्नियाच्या जनतेने सगळ्या मतदारांना सगळ्या पक्षांच्या उमेदवारांतून निवड करू देणारी पद्धत मंजूर केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये याच मुद्द्यावर रद्द केली. मला हे तत्त्व समजतं. आमच्या मंडळाचा अध्यक्ष शेजारच्या कॉलनीने निवडावा असं मीही म्हणणार नाही. पण मंडळाची निवडणूक घ्यायला आम्ही गावाचा पैसा आणि गावाचे कर्मचारी वापरत नाही. करदाता म्हणून मी प्रायमरीचा खर्च उचलणार असेन तर मला आत येऊ द्या, हे मागणं अवाजवी नाही.

या मालकीहक्काचं टोक २०२४ मध्ये नेवाडात दिसलं. राज्याने ६ फेब्रुवारीला प्रायमरी घेतली आणि रिपब्लिकन पक्षाने ८ तारखेला स्वतःचा कॉकस. डेलिगेट फक्त कॉकसमधून मिळणार होते आणि ट्रम्प तिकडे होते. सरकारी मतपत्रिकेवर हेली होत्या, आणि त्यांच्यापेक्षा दुपटीने जास्त मतं ‘यांपैकी कोणी नाही’ या पर्यायाला पडली. प्रायमरीत जाऊन मत दिलेल्या माणसाला ते मत कशासाठी होतं हे काय सांगणार?

ग्रीन कार्डावर प्रायमरीत मत देता येतं का?

नाही. चुकूनही नोंदणी करू नका. पुढे नागरिकत्व अडचणीत येतं. कोणी अर्ज पुढे केला तर सरळ नाही म्हणा.

कॉकस म्हणजे काय?

गावकीची बैठक. ठरलेल्या संध्याकाळी शाळेत, चर्चच्या सभागृहात जमायचं, चर्चा करायची आणि कौल द्यायचा. ऐकायला छान वाटतं, पण रात्रपाळीची नर्स, तान्हं मूल असलेली आई, गुडघे दुखणारे आजोबा यांनी काय करायचं?

शिवाय मोजणीचा गोंधळ. आयोवात २०१२ च्या रिपब्लिकन कॉकसच्या रात्री मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. दोन आठवड्यांनी कळलं की रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे आहेत. तोवर पहिल्या विजयाची हवा रॉम्नी यांना मिळून गेली होती. २०२० मध्ये निकाल कळवायचं ॲप कोलमडलं आणि आकडे यायला दिवसच्या दिवस लागले.

सुपरडेलिगेट अजून आहेत का?

आहेत, पण पहिल्यासारखे नाहीत. हे डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार, राज्यपाल आणि पदाधिकारी, म्हणजे प्रायमरीत कोणी निवडून न देता मिळालेले डेलिगेट. १९८४ पासून ही सोय आहे. २०१६ मध्ये क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांचे समर्थक यावरून पेटून उठले, कारण एकही मत पडायच्या आधीपासून बातम्यांतल्या तक्त्यात क्लिंटन शेकडोंनी पुढे दिसत होत्या. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला: निकाल आधीच स्पष्ट नसेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत नाही. दुसरी फेरी झालीच तर आहे.

३२ टक्के मतं मिळवून सगळे डेलिगेट कसे मिळतात?

तुम्ही साउथ कॅरोलायना २०१६ बद्दल विचारताय. ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि ५० पैकी ५० डेलिगेट मिळाले. रिपब्लिकन पक्ष बऱ्याच राज्यांत ‘जिंकणाऱ्याला सगळं’ असा नियम ठेवतो. डेमोक्रॅट प्रमाणात वाटतात, पण १५ टक्क्यांच्या खाली राहणाऱ्याला काहीच नाही. दोन्हींत मतं विभागली की बहुसंख्यांना नको असलेला माणूस पुढे निघू शकतो.

आपल्या ओळखीचं एक उदाहरण देते, ते अध्यक्षपदाचं नाही, खासदारकीचं आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले ती नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मतांवर. आम्हा मराठी लोकांना त्या दिवशी केवढा आनंद झाला! मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक असल्यामुळे खरी निवडणूक ऑगस्टमध्येच संपली होती. आनंद खरा होता, आणि ७२ टक्क्यांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं होतं हेही खरं. त्यांनी नियमाप्रमाणेच विजय मिळवला. प्रश्न नियमाचा आहे. पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत याला उत्तर ठरू शकते. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटांनी ती वापरली.

रांगेत तासन् तास उभं का राहावं लागतं?

केंद्रं कमी केली की रांगा वाढतात. ॲरिझोनात फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीने २०१२ मध्ये २०० केंद्रं ठेवली होती, मार्च २०१६ मध्ये फक्त ६०. मध्यरात्र उलटली तरी लोक उभे होते. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या ऐन भरात मिलवॉकी शहरात नेहमीच्या सुमारे १८० ऐवजी पाच केंद्रं उघडली. मास्क लावून, सहा-सहा फूट अंतर ठेवून लोक कित्येक तास थांबले. प्रायमरीला कोण येतंय, असं धरून नियोजन केलं की असं होतं.

२०२४ मध्ये कमला हॅरिस यांना कोणी निवडलं?

अधिवेशनाच्या डेलिगेटांनी. प्रायमरीत सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी बायडेन यांना मत दिलं होतं. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली, त्यांचे डेलिगेट मोकळे झाले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानाने हॅरिस यांची उमेदवारी पक्की झाली. नियमात बसणारंच होतं सगळं. पण ज्यांना आधीपासून दुसरा पर्याय हवा होता त्यांचा राग मी समजू शकते. मिशिगनमध्ये गाझाच्या मुद्द्यावरून एक लाखाहून जास्त लोकांनी फेब्रुवारीतच ‘बांधील नाही’वर खूण केली होती. मोठ्या नेत्यांपैकी कोणीच बायडेन यांच्याविरुद्ध उभं राहिलं नव्हतं, मग प्रायमरीत निवड अशी कुठे होती?

पूर्वीची पद्धत बरी होती का?

नाही, अजिबात नाही. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या आणि रिपब्लिकन पक्षाने उमेदवारी तेव्हाचे अध्यक्ष टाफ्ट यांना दिली. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तरुण रस्त्यावर होते, रॉबर्ट केनेडींची जूनमध्ये हत्या झाली, आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ह्यूबर्ट हम्फ्री यांना, जे एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या. त्या संतापातून समिती नेमली गेली आणि १९७२ पासून आजची पद्धत आली. मतदारांच्या रागाने ही पद्धत घडवली आहे, एवढं लक्षात ठेवा.

म्हणजे तक्रार करून काही बदलतं?

बदलतं, बहुतेकदा राज्याच्या पातळीवर. २०१६ मध्ये कोलोरॅडोत रिपब्लिकनांनी लोकांचा कौल न घेता संमेलनातून डेलिगेट निवडले. त्याच नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी अध्यक्षीय प्रायमरी परत आणली आणि ती अपक्षांनाही खुली केली.

आपल्याकडचंही सांगते. न्यू जर्सीत कित्येक वर्षं पक्षाच्या काउंटी समितीने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत, वरपासून खालपर्यंत छापले जायचे. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. नव्या मतदारांना मी विचारायचे, कोणाला मत दिलंत? उत्तर यायचं, ‘ती पहिली ओळ होती ना, ती.’ अँडी किम सिनेटसाठी उभे होते तेव्हा ते न्यायालयात गेले आणि मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत ती ओळ थांबवली. त्या ४ जूनला जिममध्ये मी मतपत्रिका हातात घेतली तेव्हा नावं पदाप्रमाणे गटागटाने छापलेली होती. अध्यक्षपदाचा निकाल ठरलेला असूनही मी त्या मतपत्रिकेकडे दोन मिनिटं बघत राहिले.

देशभरच्या वेळापत्रकाचं मात्र घोडं अडलेलंच आहे. देशाचे चार विभाग करून पहिला मान आळीपाळीने द्यावा, ही सूचना राज्यांच्या निवडणूक सचिवांच्या संघटनेने १९९९ मध्येच केली होती. मला ती आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते.

माझी नोंद कुठल्या पक्षात आहे हे कसं बघायचं?

राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख टाकली की दिसतं. आता लगेच बघा, प्रायमरीच्या आठवड्यात नको. गेल्या गणपतीत एक काका ठामपणे म्हणाले, ‘मी कुठल्याही पक्षाचा नाही.’ फोनवर बघितलं तर पंधरा वर्षांपूर्वी एका प्रायमरीत मत दिलेलं, तेव्हापासून एका पक्षाची नोंद कायम. काकूंचं आडनाव पासपोर्टवर एक आणि यादीत दुसरंच होतं. दोघांचे अर्ज तिथेच टेबलावर भरले, मोदक खाताखाता.